लाँड्रीतली चौथी खुर्ची

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. पप्पांनी बजावलं, आईने बजावलं, ड्रायव्हरकाकांनी तर माझ्याकडून शपथ घेतली. खरं म्हणजे इतकं करायची गरज नव्हती. मी तशीही बोलत नाही. वर्गात हजेरी घेताना माझा नंबर आला की बाई मान वर करून बघतात आणि खूण करतात, कारण माझा आवाज त्यांच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे घरात सगळे निर्धास्त आहेत. ही काय सांगणार?

पण कुणी सांगितलं नाही म्हणूनच ते आजोबांकडून पप्पांकडे आलं, आणि पप्पांकडून माझ्याकडे. आता मी लिहितेय. दिवा जरा जवळ घ्या आणि वाचा. मधेच उठू नका.

त्या दिवशी दुकानाला आठवड्याची सुट्टी होती. दुपारची वेळ. आई खिडकीपाशी बसून एका काळ्या कोटाचं अस्तर शिवत होती. आमचं लाँड्रीचं दुकान आहे, आणि उसवलेलं, फाटलेलं, बटण तुटलेलं जे काही येतं ते आई घरी शिवते. शेवटचा टाका घालून तिने कोट माझ्या हातात दिला. दुकानात नेऊन लटकव, म्हणाली, उद्या सकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहील. आणि येताना धाकट्याला घेऊन ये.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी विचारलं, तो दुकानात कशाला गेलाय? पप्पांनी हँगर पुसायला नेलंय, असं ती म्हणाली. पुढच्या कपड्यासाठी दोरा तोडायला तिने दातांत धरला होता, तो तसाच राहिला.

"सकाळी त्याला नवे बूट घेतले," ती म्हणाली.

मी लहान असताना असंच एका सुट्टीच्या दिवशी पप्पांनी मला नवा फ्रॉक घेतला होता, आणि हँगर पुसायला दुकानात नेलं होतं.

"पळ," आई म्हणाली.

ती स्वतः का नाही गेली, असं तुम्हाला वाटेल. दुकानाच्या मागच्या खोलीत आई जात नाही. लग्नानंतर एकदाच गेली होती. काय दिसलं ते तिने सांगितलेलं नाही. त्या खोलीचा विषय निघाला की ती उठून पाणी प्यायला जाते, एवढंच मला ठाऊक आहे.

पळता पळता तुम्हाला त्या खोलीबद्दल सांगते.

दुकान आजोबांनी काढलं. पुढे काउंटर, मग कपड्यांच्या लांबलचक दांड्या, धुलाईचं मोठं मशीन, वाफेची इस्त्री, आणि सगळ्यात मागे बिनखिडकीची एक खोली. तिथे एक टेबल आणि चार खुर्च्या. सुट्टीच्या दिवशी शटर आतून ओढून घेतात आणि तिथे पत्ते चालतात. खेळायला तिघं असतात: पप्पा, किल्ल्या बनवणारे काका आणि बसचे ड्रायव्हरकाका. चौथी खुर्ची आजोबांची. आजोबा त्याच खुर्चीत खेळता खेळता गेले. बोटांतून पत्ते सोडवायला दोघं जण लागले म्हणतात. तेव्हापासून त्या खुर्चीपुढेही पानं वाटतात. पालथी ठेवतात आणि डाव संपला की न उघडता गोळा करतात. ड्रायव्हरकाका म्हणायचे, म्हातारा एकटाच आहे जो हरला तरी घरी जाऊन बायकोच्या शिव्या खात नाही. सगळे हसायचे. पानं वाटायचं मात्र कुणी चुकवायचं नाही.

आणि एक पद्धत होती. पत्त्यांचा नवा जोड फोडला की तो पहिल्यांदा काटायचा ते अशा मुलाने, ज्याने कधी पत्त्याला हात लावलेला नाही. अर्धा गठ्ठा उचलायचा, बाजूला ठेवायचा, उरलेला त्याच्यावर. बस्स. ह्याला ते कोरा हात म्हणायचे. आजोबांनी पप्पांच्या हातून असा जोड काटून घेतला होता, पप्पा लहान असताना. पप्पांनी माझ्या हातून.

मला तो दिवस आठवतो. मला चौथ्या खुर्चीत बसवलं होतं. पाय जमिनीला पोचत नव्हते. खुर्ची गरम होती, आणि सपाट नव्हती. माझ्या खाली दोन हाडकुळे गुडघे असावेत, तसं काहीतरी होतं. मला वाटलं, जुन्या खुर्च्या अशाच असतात. मी गठ्ठ्यावर हात ठेवला तेव्हा त्या हातावर कोरडं, खरखरीत काहीतरी अलगद टेकलं. कांजीचा वास आला. मी जोड काटला. त्या दिवशी पप्पा जिंकत गेले, जिंकतच गेले, आणि मग त्यांनी मला खांद्यावर घेऊन अख्ख्या दुकानातून नाचवलं. कपडे माझ्या गालांना लागत होते आणि मी हसत होते. पप्पा त्या दिवशी मला जितके आवडले तितके पुन्हा कधी आवडले नाहीत. हेच सगळ्यात वाईट आहे. मला वाईट आठवण असायला हवी होती.

मग घरातल्या वस्तू जाऊ लागल्या. कपाट गेलं. माझी सायकल गेली. आईचं शिवणयंत्र गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. आता ती हातानेच शिवते. आणि माझ्या बोटांना काहीतरी झालं. पत्ते पालथे असले तरी मला पान कळतं. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा. मैत्रिणीकडे पत्ते निघाले की मी हात मांडीखाली दाबून बसते. बोटं आतल्या आत वळवळतात. मैत्रिणींना वाटतं मला खेळता येत नाही, म्हणून लाजते.

शटर अर्ध्यावर होतं. मी वाकून आत शिरले, आणि माझ्यामागे ते आपोआप खाली घसरलं.

आत अंधार. सुट्टी असूनही कुठेतरी वाफ सुटत होती. स्स्स... मग थांबायची. मग पुन्हा. ओल्या लोकरीचा आणि जळक्या कापडाचा वास दाटला होता. काउंटरवरचा दिवा लावून बघितला, लागला नाही. मागच्या खोलीच्या दाराखालून पिवळी चीर दिसत होती, तिच्या रोखाने मी दांड्यांच्या मधून निघाले.

दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पिशव्यांत कपडे लटकत होते. कोट, झगे, गणवेश. ह्यांच्यामधून मी लहानपणापासून डोळे मिटून चालत आलेय. त्या दिवशी ते मला वाट देईनात. खांदे खांद्यांना चिकटवून उभे असावेत तसे. मी हाताने एक कोट बाजूला केला, तर त्याची बाही जड लागली. आत दंड असावा तशी. मी बाही सोडली. ती हळूहळू खाली गेली, रिकाम्या बाहीसारखी पटकन पडली नाही. मी आईचा कोट छातीशी धरला आणि खांद्याने वाट काढत पुढे गेले. मागे प्लास्टिक चुरचुरत राहिलं, बराच वेळ.

दार ढकललं.

पप्पा, किल्लीवाले काका, ड्रायव्हरकाका. टेबलावर नवा जोड, फोडलेला. आणि चौथ्या खुर्चीत धाकटा. नवे बूट जमिनीपासून वर लोंबकळत होते.

"तू कशाला आलीस?" पप्पा म्हणाले. ओरडले नाहीत. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे म्हणाले.

आईने बोलावलंय, मी म्हणाले. आवाज नेहमीप्रमाणे घशातच राहिला. ड्रायव्हरकाका म्हणाले, अहो जाऊ द्या पोराला, पुढच्या वेळी बघू. त्यावर किल्लीवाले काका म्हणाले की आपण एवढे दिवस हरतच चाललोय, आज नाही तर कधी, आणि पोराने नुसता जोड काटायचाय, काही विहिरीत उडी मारायची नाहीये. पप्पा धाकट्याच्या हातांकडे बघत होते.

"ताई," धाकटा म्हणाला, "ही खुर्ची गरम आहे."

मी पुढे झाले आणि त्याच्या काखेत हात घालून उचलायला गेले. तो उचलेना. माझ्या भावाला मी रोज कडेवर घेते, तो पिसासारखा आहे. त्या दिवशी तो खुर्चीत पेरल्यासारखा होता. त्याच्या पोटाभोवती सदऱ्याला घड्या पडल्या होत्या, पुढून कुणीतरी हात गुंफून धरलं असावं तशा.

मग त्याने जोड उचलला.

त्याने कधी पत्त्याला हात लावला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. पण त्याची बोटं जोड पिसू लागली. सरसर, सरसर, पाणी ओतावं तशी पानं एकात एक जात होती. पिसून झाल्यावर त्याने करंगळीच्या नखाने टेबलावर टकटक केलं. ड्रायव्हरकाकांची खुर्ची मागे सरकली.

"म्हाताऱ्याची सवय..." ते पुटपुटले.

धाकट्याने दोन पानं वाटली. एक स्वतःपुढे, एक माझ्यापुढे. त्याचे पुढचे दात नुकतेच पडलेत. त्या फटीतून जो आवाज आला तो त्याचा नव्हता.

"एकच पान, पोरी... तुझं मोठं निघालं तर घेऊन जा त्याला."

वाफ सुटायची थांबली. दुकानात इतकी शांतता झाली की बाहेर दांडीवर एकेक हँगर सरकतोय ते ऐकू येत होतं. जवळ येत होते ते. बघायला येत असावेत तसे.

माझी बोटं वळवळायला लागली. पालथं पान समोर होतं आणि मला ते कळत होतं, आधी कधी कळलं नव्हतं इतकं लख्ख. बदामचा एक्का. त्याच्यापुढे होती किलवरची सत्ती. मी जिंकणार होते. नुसतं पान उलटायचं होतं. एवढंच, आणि धाकटा मोकळा.

"उलट," पप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "तुला कळतंय ना? मला माहितेय तुला कळतं. उलट, आणि घेऊन जा त्याला. मलाही असंच म्हणाला होता तो, त्या खुर्चीतला... एकदा जिंक, मग मोकळा. मी त्यासाठीच खेळतोय गं. इतकी वर्षं. तुम्हाला सोडवायला."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांचे केस कानांपाशी पांढरे झालेत. मला वाटायचं त्यांना खेळायला आवडतं. त्यांना आवडत नव्हतं. ते अजून त्या खुर्चीतून उठायचाच प्रयत्न करत होते, लहान मुलाच्या पायांनी, जे जमिनीला पोचत नाहीत. आणि त्यांच्यापुढेही पहिल्या दिवशी एक्काच ठेवला असणार. हरणारं पान पहिल्यांदा कुणाला कोण देईल?

मी हातातला कोट खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी खेळत नाही," मी म्हणाले.

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. मलाही. माझा आवाज एवढा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

धाकट्याचं डोकं एका बाजूला कललं. "घाबरलीस?"

"हो, घाबरले. तरी खेळत नाही."

"हरशील म्हणून...?"

"जिंकेन म्हणून."

करंगळीचं नख टेबलावर थांबलं. मग तो हसला. लहान मुलाच्या छातीत मावणार नाही एवढं मोठं हसू होतं ते, आणि ते संपेना. दिवा पिवळ्याचा लाल झाला. दारातून कपडे आत आले होते. दांडी दारापर्यंत येत नाही, तरी पहिल्या ओळीतला करडा झगा उंबऱ्याच्या आत होता. किल्लीवाले काका भिंतीला पाठ लावून सरकत सरकत बाहेर पळाले. शटर उघडल्याचा आवाज आला नाही. ते कुठून गेले, मी अजून विचारलेलं नाही.

मी पानं उलटली नाहीत. माझं, त्याचं, उरलेला जोड, सगळं ओंजळीत घेतलं. पान हाताला लागलं तेव्हा बोटांना इतकं बरं वाटलं की मला रडू आलं. हे मी लपवणार नाही. कपड्यांखालून वाकून बाहेर जाऊन धुलाईच्या मशीनमध्ये सगळा जोड टाकला, वरून रंग उडवायची पावडर ओतली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि झाकणाचा खटका लावला. आत कुणीतरी मुठी आपटाव्यात तसं धडधडायला लागलं.

मग परत येऊन मी खुर्चीचे हात धरले. धाकट्याला उचलता येत नव्हतं तर खुर्चीसकट न्यायचं, असं मी ठरवलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी पाय रोवून ओढलं. खुर्ची तसूभर हलली. मी पुन्हा ओढलं. फरशीवर पांढरा ओरखडा उठला. कपडे माझ्या पाठीला भिडले, बाह्या गळ्याशी आल्या, तोंडावर प्लास्टिक बसलं. मी ते दातांनी फाडलं. रोज ह्यांच्या कॉलरी मी घासते, ह्यांचे डाग मी काढते, आणि हे मला अडवणार?

"सोडा," मी म्हणाले. कपड्यांना, खुर्चीला, सगळ्यांनाच. "तो आमचा आहे. सोडा."

पप्पा उठले. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. काही क्षण मला कळेना की ते ढकलतायत की मागे ओढतायत. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती.

"पप्पा," मी म्हणाले, "तुम्ही उठलात. बघा. उठलात ना?"

त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. आणि मग खुर्ची सुटली. दांड्यांखालून ओरखडा काढत काउंटरपर्यंत आली. ड्रायव्हरकाका पुढे धावले आणि त्यांनी शटर डोक्याच्या वर भिरकावलं.

दुपारचं ऊन आत पडलं. समोरच्या फुटपाथवर एक बाई मुलीची वेणी घालत होती. धाकटा डोळे चोळत खुर्चीतून उतरला आणि म्हणाला, ताई, मला शू लागलीय.

मी त्याला कडेवर घेतलं. तो पिसासारखा होता.

खुर्ची पप्पांनी त्याच संध्याकाळी रस्त्यावर कुऱ्हाडीने फोडली. मागच्या खोलीचं दार काढून टाकलंय, आता तिथे साबणाची पोती आहेत. पप्पा सुट्टीच्या दिवशीही शटर पूर्ण वर करून, उजेडात बसून इस्त्री करतात. परवा एका शर्टाला डाग पाडला. ड्रायव्हरकाका येऊन गप्पा मारतात, पण त्यांना बसायचं धाडस होत नाही, उभ्यानेच चहा पितात. आणि पप्पा, आई आणि ड्रायव्हरकाका, तिघांनी मिळून ठरवलं की हे घरातलं घरात राहू द्यायचं.

मी नाही राहू देणार. माझ्या बोटांत ते अजून आहे. रात्री कूस बदलताना जाणवतं, उशीखाली पान सरकवावं तसं. असू दे. मी मोठी होईन, ते माझ्याबरोबर मोठं होईल, आणि रोज सकाळी मी त्याला तोंडावर नाही म्हणेन. धाकट्याला वाचता यायला लागलं की हे कागद त्याच्या हातात देईन. आपल्याकडे हे आहे, असं आहे, आणि ते नेहमी चांगलं पान देऊन सुरुवात करतं, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. मला कुणी सांगितलं असतं तर...

आई हाक मारतेय. जेवण झालं असेल.

नाही, जेवण नाही. ती विचारतेय की दोन शेगड्यांवर दोन पातेली ठेवलीत, त्यातलं आधी कुठलं उकळेल ते येऊन सांग. आई असलं काही कधी विचारत नाही. आवाज हसरा आहे, लाडात आल्यासारखा. लवकर ये गं, म्हणतेय, आमची पैज लागलीय.

आमची म्हणजे कुणाची? पप्पा अजून दुकानातून यायचेत. धाकटा इथे माझ्या मांडीवर झोपलाय.

मी त्याला कडेवर घेऊन जातेय. जाऊन दोन्ही शेगड्या बंद करणार आहे, एकही उकळायच्या आधी, आणि आईचा हात धरून तिला तिथून बाहेर आणणार आहे. मला उत्तर माहीत आहे, डावीकडचं, पण ते मी देणार नाही. ती पुन्हा हाक मारतेय, आणि तिचं वाक्य संपायच्या आत तिच्या मागे कुणीतरी पातेल्यावरचं झाकण हळूच उचलल्याचा आवाज येतोय.